संसदेत बहुमत सरकारचंच, मग लिहिणाऱ्याला आधार कशाचा?

तुमचे प्रश्न तीन आहेत. संसदीय लोकशाहीत सरकार बहुमतातून येतं आणि कायदेही तेच बहुमत करतं, तर भाषणाचं आणि छपाईचं स्वातंत्र्य टिकतं कशावर? वृत्तपत्रं मोकळी असतील तर माहितीच्या अधिकाराचा वेगळा कायदा कशाला लागतो? आणि पत्रकाराला सामान्य नागरिकापेक्षा जास्तीचे काही हक्क असतात का?

मी बरीच वर्षं वृत्तपत्रांची वकिली केली आहे. छापण्याआधी मजकूर वाचणं, अब्रुनुकसानीच्या नोटिशींना उत्तरं देणं, मनाईहुकूम उठवण्यासाठी न्यायालयात धावणं, हे माझं काम. त्या बाजूने पाहिलं की तुमचे पहिले दोन प्रश्न मुळात एकच आहेत, असं मला ठामपणे वाटतं.

आधी संसदीय पद्धतीची घडण पाहू. अध्यक्षीय पद्धतीत सरकार आणि विधिमंडळ वेगवेगळे निवडून येतात. संसदीय पद्धतीत मंत्री सभागृहातच बसतात आणि त्यांच्यामागची बाकं त्यांच्याच पक्षाच्या माणसांनी भरलेली असतात. पक्षादेश निघाला की मतं पडतात. आपल्याच मंत्र्याला अडचणीत आणणारा खासदार विरळा. विरोधक प्रश्न विचारतात, पण फाइल मंत्रालयात असते आणि तिच्यावर कोणी काय शेरा मारला आहे हे विरोधकांना ठाऊक नसतं. त्यामुळे सभागृहाची सरकारवरची देखरेख खऱ्या अर्थाने चालायची तर तीन गोष्टी जुळाव्या लागतात: कोणीतरी कागद बाहेर आणतो, कोणीतरी तो छापतो, आणि त्याच्या जोरावर कोणीतरी सभागृहात असा प्रश्न विचारतो की मंत्र्याला नोंदीवर उत्तर द्यावंच लागतं. माहिती, मुद्रण आणि भाषण ही स्वातंत्र्यं पाठ्यपुस्तकात तीन प्रकरणांत मांडतात; प्रत्यक्षात ते एकाच दोरीचे पेड आहेत आणि एक कापला की उरलेल्या दोघांवर भार झेपत नाही.

जर्मनीतलं एक प्रकरण यासाठी मी नवख्या वार्ताहरांना नेहमी सांगतो. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘डेर श्पीगल’ या साप्ताहिकाने नाटोच्या एका लष्करी सरावावर लेख छापला. पश्चिम जर्मनीच्या सैन्याची तयारी किती तोकडी आहे, असा त्याचा रोख होता. देशद्रोहाच्या संशयावरून पोलिसांनी हॅम्बुर्गची कचेरी ताब्यात घेतली, प्रकाशक रुडॉल्फ आउगश्टाइन यांना कोठडीत टाकलं, आणि लेखक कोनराड आहलर्स सुटीवर स्पेनमध्ये होते, त्यांना तिथेच अटक करवली. संरक्षणमंत्री फ्रान्त्स योसेफ श्ट्राउस सांगत राहिले की यात आपला हात नाही. नोव्हेंबरमध्ये संसदेच्या प्रश्नोत्तरांत विरोधकांनी तीन दिवस हा विषय सोडला नाही, आणि स्पेनमधल्या अटकेमागे खुद्द संरक्षणमंत्री होते हे तिथे उघड झालं. आघाडीतल्या छोट्या पक्षाच्या मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि श्ट्राउस यांना जावं लागलं. आउगश्टाइन शंभराहून अधिक दिवस आत होते. पुढे त्यांच्यावर खटला चाललाच नाही. मात्र साप्ताहिकाने घटनात्मक न्यायालयात केलेली तक्रार १९६६ मध्ये न्यायाधीशांची मतं चार विरुद्ध चार अशी पडल्यामुळे फेटाळली गेली. जर्मनीच्या घटनेत मुद्रणस्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे, तरीही मंत्र्याला घरी पाठवण्याचं काम न्यायालयाच्या चार वर्षं आधी सभागृहातल्या प्रश्नांनी केलं होतं.

आता उलट दिशेने पाहू: सभागृहात बोललेलं बाहेर छापता येतं का? आज हा प्रश्न विचित्र वाटेल. पण ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने १७३८ मध्ये ठराव करून वादविवादांचे वृत्तांत छापणं हा हक्कभंग ठरवला होता. १७७१ मध्ये मुद्रकांना पकडायला माणूस पाठवला, तेव्हा लंडन शहराचे महापौर ब्रास क्रॉस्बी यांनी मुद्रकांची बाजू घेतली आणि सभागृहाने त्यांनाच ‘टॉवर ऑफ लंडन’च्या तुरुंगात डांबलं. लोक रस्त्यावर उतरले. ठराव पुढेही कागदावर राहिला, पण तो बजावण्याची हिंमत सभागृहाला पुन्हा फारशी झाली नाही. सभागृहातल्या चर्चेच्या प्रामाणिक वृत्तांताबद्दल वृत्तपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा चालत नाही, हे न्यायालयाकडून पक्कं व्हायला १८६८ साल उजाडलं.

भारतात हीच गोष्ट फिरोज गांधी यांच्यामुळे कायद्यात आली. खासदाराला सभागृहातल्या भाषणासाठी संरक्षण होतं. तेच वाक्य छापणाऱ्या संपादकाला मात्र दाव्याची भीती होती. ही विसंगती दूर करायला त्यांनी अशासकीय विधेयक आणलं आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला: वृत्तांत सारतः खरा असेल आणि त्यामागे द्वेषबुद्धी नसेल, तर छापणाऱ्यावर कारवाई होणार नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंधडा यांच्या कंपन्यांत गुंतवलेल्या पैशाचा विषय लोकसभेत काढला. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, हे इथे विशेष महत्त्वाचं. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या आयोगाने उघड सुनावणी घेतली, वृत्तपत्रांनी रोजच्या रोज ती छापली, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी राजीनामा दिला.

आणीबाणीत, डिसेंबर १९७५ मध्ये, १९५६ चा हा कायदा अध्यादेशाने रद्द झाला. तो पुस्तकातून पुसायला सरकारला एक सही पुरली. १९७७ मध्ये नव्या संसदेने तो परत आणला आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३६१-अ घालून हे संरक्षण थेट घटनेत नेलं, म्हणजे साध्या बहुमताच्या कायद्याने ते पुन्हा काढता येऊ नये. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. बहुमत कायदा बदलू शकतं. म्हणून ज्या तरतुदींवर बाकी सगळं उभं आहे त्या साध्या बहुमताच्या हाताबाहेर ठेवाव्या लागतात, आणि ते काम आपण सत्तेत असतानाच करावं लागतं.

वार्ताहरांसाठी एक इशारा. सभागृहाच्या कामकाजातून काढून टाकलेला भाग छापायला हे संरक्षण आहे असं समजू नका. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या दैनिकाने बिहार विधानसभेतला असा भाग छापला, तेव्हा १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाचा विशेषाधिकार वरचढ मानला. आता कामकाज थेट प्रक्षेपित होतं, शब्द लाखो लोकांनी ऐकल्यावर तासाभराने ते काढून टाकले जातात. हा नियम या काळाशी सुसंगत राहिलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. तो बदलेपर्यंत मात्र छापण्याआधी अध्यक्षांचा आदेश तपासा.

घटनेत लिहिलेलं असणं पुरतं का, याचं उत्तर वेगवेगळ्या देशांनी वेगळं दिलं आहे. कॅनडात हक्कांची सनद १९८२ ची. पण त्याच्या कितीतरी आधी अल्बर्टा प्रांताच्या सरकारने वृत्तपत्रांना सरकारचं ‘स्पष्टीकरण’ छापायला लावणारं आणि बातमीचा स्रोत उघड करायला भाग पाडणारं विधेयक संमत करून घेतलं होतं. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रांताच्या अधिकाराबाहेरचं ठरवलं. मुख्य न्यायमूर्ती डफ यांचा युक्तिवाद साधा होता: संसद चालते ती लोकमताच्या जोरावर, आणि मोकळ्या चर्चेशिवाय लोकमत तयार होत नाही. ऑस्ट्रेलियाच्या संघीय घटनेत भाषणस्वातंत्र्याचं कलम आजही नाही. तिथल्या उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ते, प्रतिनिधी ‘लोकांनी थेट निवडलेले’ असावेत, या शब्दांतून काढलं: निवडायचं तर माहिती हवी, माहितीसाठी बोलता यायला हवं. मला हा पाया फार मोलाचा वाटतो. त्यात मुद्रणस्वातंत्र्य ही संपादकांची सवलत उरत नाही. ते मतदाराचं साधन ठरतं.

भारतात कलम आहे, अनुच्छेद १९(१)(अ), आणि त्याच्या मर्यादाही आहेत. १९५० मध्ये रोमेश थापर यांच्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकावरची मद्रास सरकारची बंदी सर्वोच्च न्यायालयाने उठवली आणि १९५१ मध्ये पहिल्या घटनादुरुस्तीने निर्बंधांची कारणं वाढवली. त्या दुरुस्तीवर टीका होते आणि ती रास्त आहे. पण तिनेच ‘वाजवी’ हा शब्दही आणला. निर्बंध वाजवी आहे का, हे ठरवायला न्यायालयाला त्यामुळे दार उघडं राहिलं. त्यानंतरच्या बहुतेक महत्त्वाच्या खटल्यांत वकिलांनी त्याच दारातून प्रवेश केला आहे.

त्यातला एक मराठी वृत्तपत्राचा. सरकारने वृत्तपत्रांच्या किंमत-पानांच्या १९५६ च्या वेगळ्या कायद्याखाली १९६० मध्ये आदेश काढून वृत्तपत्राची पानं त्याच्या किमतीशी जोडली. इतक्या किमतीत इतकीच पानं, जास्त पानं द्यायची तर किंमत वाढवा. उद्देश सांगितला तो लहान वृत्तपत्रांच्या संरक्षणाचा. पुण्याचा ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६१ मध्ये जिंकला. किंमत वाढली की खप घटतो, पानं कमी केली की मजकूर घटतो. दोन्हीकडून बोलणंच आखडतं, म्हणून हा निर्बंध व्यापारावरचा आहे असं म्हणून सुटका नाही, असं न्यायालयाने सांगितलं. १९७२ मध्ये वृत्तपत्री कागदाच्या वाटपाच्या धोरणावर आणि दहा पानांच्या मर्यादेवर असाच निकाल आला. १९८४ मध्ये आयात कागदावरच्या शुल्काचा फेरविचार करायला न्यायालयाने सरकारला सांगितलं.

या खटल्यांतून मी एक गोष्ट शिकलो, ती आजही उपयोगी पडते. कुशल सरकार मताला हात लावत नाही. ते कागद, किंमत, जाहिरात, परवाना आणि आता इंटरनेटची जोडणी यांना हात लावतं. ‘अमुक छापू नका’ असा लेखी आदेश आला तर मला आनंदच होतो, कारण त्याला आव्हान देता येतं. जाहिरात थांबली, परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज पडून राहिला, तर मी न्यायालयापुढे काय ठेवू? म्हणूनच जानेवारी २०२० मध्ये ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट बंदीचे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत असं सांगितलं, ते मी त्या निकालातलं सगळ्यात कामाचं वाक्य मानतो. आदेश हातात असेल तरच लढाई सुरू होते.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येतो. बोलण्याच्या हक्कामुळे कोणी तुमचं तोंड बंद करू शकत नाही. पण कोणावर तुम्हाला कागद देण्याचं बंधनही येत नाही. ते बंधन वेगळ्या कायद्यानेच घालावं लागतं. स्वीडनने हे १७६६ मध्येच ओळखलं. धर्मोपदेशक आणि संसद सदस्य आन्डेर्स शिडेनियुस यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या मुद्रणस्वातंत्र्याच्या कायद्यातच सरकारी कागद पाहण्याचा आणि छापण्याचा हक्क होता. दोन्ही एकाच कायद्यात, कारण एकाशिवाय दुसरं त्यांना अर्थपूर्ण वाटलं नाही. बऱ्याच संसदीय देशांना दोन शतकं लागली: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड १९८२, कॅनडा १९८२ (अंमल १९८३ पासून), ब्रिटन २००० (अंमल २००५ पासून), भारत २००५. न्यूझीलंडच्या कायद्याने जुना गोपनीयता कायदा रद्दच केला. भारतात १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून उभा आहे. माहितीच्या कायद्याने त्याच्यावर मात करण्याची तरतूद ठेवली, एवढंच.

तिन्ही पेड एकत्र कसे काम करतात याचं सगळ्यात पूर्ण उदाहरण ब्रिटनमधल्या खासदारांच्या भत्त्यांचं. पत्रकार हेदर ब्रुक यांनी नव्या कायद्याखाली खासदारांच्या खर्चाचा तपशील मागितला. सभागृहाने नाकारलं. २००७ मध्ये कॉमन्सने संसदेलाच माहिती कायद्यातून वगळणारं एका खासदाराचं विधेयक मंजूर केलं. वरच्या सभागृहात ते मांडायला कोणी पुढे आलं नाही म्हणून ते पडलं. २००८ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने माहिती द्या असं सांगितलं. मग सगळ्या खासदारांच्या पावत्या जाहीर करण्यासाठी एकत्र करणं आणि त्यातला काही मजकूर काळा करणं सुरू झालं. त्या तयारीतूनच संपूर्ण, काळा न केलेला संच बाहेर फुटला आणि २००९ च्या मेमध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने तो दिवसामागून दिवस छापला.

इथला बारकावा लक्षात घ्या. सरकारी प्रतीत घरांचे पत्ते काळे केलेले होते. सुरक्षेचं कारण दिलं होतं आणि ते वरवर पटणारंही होतं. पण बरेच खासदार ‘दुसरं घर’ म्हणून आज हे, उद्या ते घर दाखवून भत्ता घेत होते, आणि पत्त्याशिवाय ती लबाडी दिसलीच नसती. म्हणजे कायद्याने कागद एकत्र यायला भाग पाडलं, फुटलेल्या प्रतीने काळ्या पट्ट्यांखालचं दाखवलं, छपाईने ते घराघरात नेलं, आणि मग सभागृहाला हलावं लागलं. अध्यक्ष मायकेल मार्टिन यांनी पद सोडलं, काही सदस्य खोट्या हिशेबांसाठी तुरुंगात गेले, आणि भत्ते ठरवण्याचं काम खासदारांच्या हातून काढून त्याच वर्षीच्या कायद्याने स्वतंत्र प्राधिकरणाकडे गेलं. नुसता कायदा असता तर फक्त काळे पट्टे दिसले असते. नुसतं मुद्रणस्वातंत्र्य असतं तर तो संच तयारच झाला नसता.

कायदा असूनही माहिती अडवायची एक हमखास रीत आहे: वेळ काढणं. भारतात ३० दिवसांची मुदत, जीविताचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास; ब्रिटन आणि न्यूझीलंडमध्ये कामाचे २० दिवस. पण पहिलं अपील, मग आयोगाकडे दुसरं अपील, आयोगात पदं रिकामी, असं चालत राहिलं की विषय शिळा होतो. तेव्हाचे ब्रिटनचे युवराज चार्ल्स यांनी मंत्र्यांना लिहिलेली पत्रं ‘गार्डियन’चे रॉब इव्हान्स यांनी २००५ मध्ये मागितली. न्यायाधिकरणाने द्या म्हटलं, महाधिवक्त्यांनी नकाराधिकार वापरला, सर्वोच्च न्यायालयाने तो २०१५ च्या मार्चमध्ये मोडला आणि मेमध्ये पत्रं प्रसिद्ध झाली. दहा वर्षं. मधल्या काळात, २०१० मध्ये, राजा आणि वारस यांचा पत्रव्यवहार माहिती कायद्यातून पूर्णपणे वगळणारी दुरुस्तीही होऊन गेली. जिंकलेली लढाई पुढच्या अर्जदाराला उपयोगी पडली नाही.

भारतातल्या अर्जदारांनी कलम ८(१)(ञ), ज्याला सगळे ‘आठ-एक-जे’ म्हणतात, ते नीट वाचावं. मूळ कलमात वैयक्तिक माहिती नाकारता येत होती, पण तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल तरच, किंवा तिच्यामुळे खासगीपणावर अवाजवी आक्रमण होत असेल तरच. आणि व्यापक जनहित असेल तर तीही देता येत होती. सोबत एक परंतुक होतं: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारली जाणार नाही. संसदीय लोकशाहीतलं नागरिकाचं स्थान इतक्या थोडक्यात सांगणारं वाक्य मी दुसऱ्या कुठल्या कायद्यात वाचलेलं नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हे कलम बदलून ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्यावर आणलं आणि परंतुक गेलं. खासगीपणा हा खरा हक्क आहे आणि मी त्याच्यासाठीही न्यायालयात उभा राहिलो आहे. पण अधिकाऱ्याची मालमत्ता, ठेकेदाराचं नाव, लाभार्थ्यांची यादी, सगळंच कोणाची तरी ‘वैयक्तिक माहिती’ असतं. कलम ८(२) मधला जनहिताचा आधार मात्र शिल्लक आहे. अर्जातच तो नाव घेऊन मांडा आणि जनहित कोणतं ते दोन ओळींत लिहा. अपिलात पहिल्यांदा मांडण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

निर्बंध फक्त सरकारकडून येतात असं समजणं धोक्याचं आहे. २००९ मध्ये ‘त्राफिगुरा’ या तेलव्यापारी कंपनीच्या, आयव्हरी कोस्टमध्ये टाकल्या गेलेल्या कचऱ्याबद्दलच्या एका अहवालाविषयी काही छापू नये असा मनाईहुकूम ‘गार्डियन’वर बजावला गेला होता, आणि असा हुकूम आहे हे सांगायलाही बंदी होती. खासदार पॉल फॅरेली यांनी त्यावर लेखी प्रश्न दाखल केला. कंपनीच्या वकिलांचं म्हणणं, तो प्रश्नही छापता येणार नाही. वृत्तपत्राने एवढंच छापलं की संसदेत एक प्रश्न आहे आणि तो आम्हाला सांगता येत नाही. वाचकांनी संसदेच्याच संकेतस्थळावरून प्रश्न शोधला, ट्विटरवर तो पसरला आणि दुसऱ्या दिवशी वकिलांनी माघार घेतली. १७७१ मध्ये सुटलेला प्रश्न एका खासगी कंपनीने पुन्हा उभा केला होता.

पैशाचा हा दबाव मला बंदीपेक्षा जास्त काळजीत टाकतो. अब्रुनुकसानीच्या कायद्याची तत्त्वं बऱ्यापैकी सुधारली आहेत. सरकारी संस्थेला स्वतःच्या बदनामीचा दावा लावता येत नाही, हे ब्रिटनमध्ये १९९३ च्या डर्बीशर खटल्यात आणि भारतात १९९४ च्या राजगोपाल खटल्यात ठरलं. राजगोपाल निकालाने अधिकाऱ्यांना प्रकाशनाआधीच बंदी मागण्यापासूनही रोखलं. जनहिताच्या विषयावर जबाबदारीने काम केलेल्या वार्ताहराची एखादी माहिती चुकली तरी त्याला बचाव आहे, हे ब्रिटनमध्ये १९९९ पासून आणि कॅनडात २००९ पासून मान्य आहे. पण तत्त्व लागू होतं ते खटल्याच्या शेवटी. तिथपर्यंत पोहोचायचा खर्च कोण करणार? माल्टातल्या पत्रकार डाफ्ने कारुआना गालित्सिया यांची १६ ऑक्टोबर २०१७ रोजी मोटारीत बॉम्ब ठेवून हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर चाळीसहून अधिक बदनामीचे दावे प्रलंबित होते. मारेकऱ्यांच्या कितीतरी आधी वकिलांच्या नोटिशी पोहोचल्या होत्या. अशा गळचेपीच्या दाव्यांना सुरुवातीलाच निकाली काढण्याची सोय कॅनडातल्या ऑन्टारियोने २०१५ मध्ये केली, युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश काढला. ब्रिटनने बदनामीचा फौजदारी गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. भारतात तो सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये वैध ठरवला. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. दूरच्या गावातल्या न्यायालयात तारखेला हजर राहायला लावणं हीच तिथे शिक्षा असते, निकाल काहीही लागो.

वृत्तपत्रंही अन्याय करतात, हे मान्य करायलाच हवं. २०११ मध्ये ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ बंद पडलं ते लोकांचे व्हॉइसमेल चोरून ऐकल्यामुळे. त्यात खून झालेल्या एका मुलीच्या फोनचाही समावेश होता. ते कृत्य आधीपासूनच गुन्हा होतं. पोलिसांनी तपास वेळेवर केला नाही, हे दुखणं होतं. त्यावर नवीन सेन्सॉरचं औषध सुचवणाऱ्यांशी मी कधीच सहमत झालो नाही.

तिसरा प्रश्न, पत्रकाराच्या जास्तीच्या हक्कांचा. बहुतेक संसदीय देशांत उत्तर ‘नाही’ असंच आहे. भारताच्या घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी सांगितलं होतं की वृत्तपत्राला नागरिकाहून निराळे असे खास हक्क नाहीत. संपादक आणि व्यवस्थापक नागरिक म्हणूनच आपला हक्क बजावतात. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये जबाबदार प्रकाशनाचा बचाव ब्लॉग लिहिणाऱ्यांसह सगळ्यांनाच खुला ठेवला. मला हे योग्य वाटतं, कारण पत्रकार कोण हे सरकारने ठरवायला लागणं म्हणजे परवाना पद्धत परत आणणं, आणि इंग्लंडमध्ये ती १६९५ मध्ये गेली. अपवाद एकच असावा: स्रोताचं संरक्षण. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९९६ च्या गुडविन खटल्यात ते मान्य केलं. स्वीडन त्याच्याही पुढे आहे; तिथे कर्मचाऱ्याने वृत्तपत्राला माहिती दिली तर तो कोण हे शोधणंच अधिकाऱ्यांना, काही अपवाद सोडता, मना आहे. भारतात यासाठी स्वतंत्र, भक्कम कायदा नाही.

म्हणून तुम्ही वृत्तपत्रात असा नाहीतर स्वतःच्या नावावर लिहीत असा, बचाव तुमच्या कामाच्या नोंदींवरच उभा राहणार आहे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला लेखी प्रश्न पाठवा आणि उत्तराला रास्त वेळ द्या. त्याचं म्हणणं, पटलं नाही तरी, छापा. कागदाची प्रत ठेवताना तो कधी आणि कुठून मिळाला ते लिहून ठेवा, पण देणाऱ्याचं नाव त्या फाइलमध्ये ठेवू नका. विषयावर सभागृहात प्रश्न झाला असेल तर त्याचा क्रमांक आणि मंत्र्यांचं लेखी उत्तर जोडा. आणि नोटीस आली तर त्याच दिवशी वकिलाला दाखवा, समाजमाध्यमावर नाही.